जोवेनने काय काय घेतलं

इलोइलो, १४ मार्च २०२३
दुपारचे सव्वादोन. इस्पितळाच्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे.

प्रिय एर्लिंदा मावशी,

तुम्ही थोडी तरी झोप घेतली असेल अशी आशा आहे. सोबतच्या डब्यात आल्याची पेज आहे, आईने पाठवली. सोबतीचं कार्ड एकालाच देतात, म्हणून ही चिठ्ठी पहारेकऱ्याच्या हाती देतो. तो म्हणाला, "काय रे, प्रेमपत्र का?" मी हो म्हणालो.

जोवेनच्या पायांची सूज उतरली का? काल तुम्ही फाटकाशी येऊन म्हणालात, "डॉक्टर सारखे विचारतात, काय घेत होता. मी सांगितलं, अंडी आणि ताकदीच्या गोळ्या." मी होकारार्थी मान हलवली.

मावशी, ते खरं नाही.

मे महिन्यातल्या जत्रेतली शरीरसौष्ठव स्पर्धा जिंकायची म्हणून तो जानेवारीपासून स्नायू फुगवायच्या औषधाच्या सुया टोचून घेत होता. काय आणि किती घ्यायचं ते जिममध्ये विचारलं तर हसायचे, दुकानात डॉक्टरची चिठ्ठी मागायचे, आणि जवळच्या डॉक्टरीणबाई तुमच्या ओळखीच्या. म्हणून आम्ही फेसबुकवरच्या एका ग्रुपला विचारायचो. चार हजार माणसं, कोण कुठला कुणाला ठाऊक नाही. एका प्रश्नाला तीस उत्तरं यायची. मी सगळी वाचून, ज्याला पसंतीचे सर्वांत जास्त लाल बदाम मिळाले तेच वहीत उतरवायचो. जोवेन म्हणायचा, "तू शाळा सोडली नसतीस तर डॉक्टर झाला असतास." मला ते आवडायचं.

शुक्रवारी त्याची लघवी कॉफीसारखी झाली. "आईला सांगू नकोस, ती स्पर्धा बंद करेल," म्हणाला. तुम्ही मला मासे वाढत होतात आणि मी टेबलाखाली फोन धरून ग्रुपला विचारत होतो. 'शहाळ्याचं पाणी द्या' या उत्तराला एकशे बारा बदाम होते. दोन दिवस मीच त्याला शहाळी आणून पाजली.

आज सकाळी परत सगळं वाचलं. खाली एकाने लिहिलं होतं, मूत्रपिंड बिघडलं असेल तर शहाळं घातक, ताबडतोब इस्पितळात न्या. त्याला दोनच बदाम होते. ते मी उतरवलं नव्हतं.

या कागदाच्या मागे त्याने काय काय घेतलं ते तारखांसह लिहिलं आहे, शहाळीसुद्धा. पेज राहू द्या, आधी कागद नर्सला द्या. कुणी लिहिलं असं विचारलं तर माझं पूर्ण नाव सांगा. पोलिसांना बोलावलं तरी मी इथेच बसलेला असेन.

तुमच्या हातचं जेवून तुमच्यापासून लपवणारा,
नेल्सन मागबानुआ