सेराफिनाबाईंची पिशवी

हे मृत्युपत्र लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल नंदू आणि शुभा, तुमची माफी मागतो. मी लवू सीताराम पेडणेकर, शिक्षण चौथी, किराणा दुकानदार, बोरीवली. माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही. मोतीबिंदू काढल्यापासून साफ दिसते. नको तेवढे दिसते.

राहती खोली मुलगी शकु हिला. पोस्टातले पैसे माझ्या क्रियाकर्माला, उरतील ते तिचेच. पितळी तराजू समोरच्या मालनबाईंना. जन्मभर तुम्ही त्याच्याकडे संशयाने बघितले, आता घरी जोखून बघा. दुकानातल्या चोऱ्या दिसाव्यात म्हणून नंदूला गोल आरसा विकणाऱ्या चंद्रप्रकाशला माझ्या तेराव्याचे जेवण नाही.

आता दुकान. आमच्याकडे सामानावर गुळाचा खडा द्यायची पद्धत. गावठाणातल्या सेराफिनाबाई म्हणत, "गूळ नको शेट, मला शुगर हाय." त्याऐवजी फळीवरची एक मेणबत्ती पिशवीत टाकत, गल्लीतल्या क्रुसापुढे लावायला. त्या विचारत नसत, मी बघत नसे. माझ्या मुलाला, नंदूला, हे ठाऊक नव्हते. मी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो असताना त्याने आरशात पाहिले आणि गिऱ्हाइकांदेखत त्यांची पिशवी काउंटरवर उलटी केली.

"काय मावशी, देवालापण फुकटात?"

बाईंनी रिकाम्या पिशवीची चौघडी केली, सामानावर ठेवली आणि गेल्या. त्याच वर्षी नाताळाआधी वारल्या.

म्हणून अट: गिऱ्हाइकाने काही उचलले तर बाजूला घेऊन हळू विचारावे. साबणाची वडी गेली तरी चालेल. चारचौघांत कोणाची पिशवी उघडू नये.

बाई वारल्यापासून आरशात एक गिऱ्हाईक जास्त दिसते, मेणबत्त्यांच्या फळीपाशी, पाठमोरे. मी आरशावर फडके टाकले. सकाळी ते चौघडी करून काउंटरवर. आरसा उतरवायला सुतार आणला. तो शिडीवर चढला, आत बघितले आणि मजुरी न घेता गेला. नंदू म्हणतो, "बाबा, डोळ्यांचा भ्रम आहे." पण सूनबाई शुभा, तू बाई वारल्यावर लग्न होऊन आलीस. भर दुपारी, रिकाम्या दुकानात, आरशाकडे बघत तू म्हणालीस, "बाबा, त्या आजींना आधी द्या ना, कधीच्या उभ्या आहेत."

म्हणून दुकान शुभाच्या नावे.

सही: लवू सीताराम पेडणेकर
साक्षीदार: १) डेनिस, सेराफिनाबाईंचा मुलगा (आरशाकडे पाठ करून सही केली) २) सुगंधा काणेकर, शेजारी
बोरीवली, २ फेब्रुवारी १९८७

सहीनंतर लिहितो. नंदू, आता त्या वळल्या आहेत. काउंटरपाशी येऊन पिशवी उघडी धरतात. त्या दिवशी ठेवून गेलेली ती पिशवी मी कपाटात जपून ठेवली होती, आता तिथे नाही. मी मेणबत्ती पुढे केली तर त्यांनी मान हलवली. माझ्या हातची नको आहे. मानखुर्दचे तुझे नवे दुकान एक दिवस बंद ठेव आणि ये. मी गेल्यावर त्या शुभापुढे उभ्या राहतील. येतोस का, ते लवकर कळव.