पायचीत दिलेल्या शफीच्या नावे

मी, नानाजी लटारू बावणे, वय वर्षे त्र्याहत्तर, खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, राहणार घुग्घुस, तालुका व जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळ्यांतला मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. कान पहिल्यापासून ठणठणीत आहेत, आणि या कागदात कानांचाच संबंध जास्त आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. आयुष्यात एकदा मी दाबाखाली निर्णय दिला. तो कलम चारमध्ये लिहिला आहे आणि खरे म्हणजे त्या एका कलमासाठीच हे मृत्युपत्र लिहायला बसलो. बाकीची कलमे नसती तरी कुणाचे अडले नसते.

कलम १. घुग्घुस येथील दोन खोल्या, ओसरी आणि मागची न्हाणी असे माझे राहते घर माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. कुंता हिच्या एकटीच्या मालकीचे राहील. मुलाने ‘आई, इथे सही कर’ म्हणून कागद पुढे केल्यास तिने करू नये.

कुंताने माझ्यासोबत सेहेचाळीस वर्षे काढली. कसोटी सामना सुरू झाला की पाच दिवस मी तिचा नसे. सुट्टी टाकून ओसरीवर कानाला रेडिओ लावून बसे. “त्या रेडिओतल्या लोकाइले चहापान, जेवण, सगळं येळेवर. माह्या चुलीकडं कोन पाह्यते?” असे ती म्हणे. पण तेव्हा कसोटीच्या मधोमध एक विश्रांतीचा दिवस असे. आजच्या पोरांना हे सांगितले तर त्यांना थट्टा वाटते. खेळाडू त्या दिवशी झोपा काढत आणि मी कुंताला एसटीने चंद्रपूरला महाकालीला नेई. येताना ती चिवडा घेई. पुढे क्रिकेट चालवणाऱ्यांनी तो दिवसच काढून टाकला. मी तिला ही बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, “त्याइचं क्रिकेट त्याइले लखलाभ. माहा दिवस काऊन कापला?”

कलम २. बँकेतील मुदत ठेव कुंता आणि माझा मुलगा स्वप्निल यांना निम्मी-निम्मी. माझा रेडिओ स्वप्निलला. तो भंगारात देऊ नये, एवढीच अट. स्वप्निल सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर स्वतःचे संघ बनवून पैसे लावतो. त्याचे म्हणणे असे, “बाबा, पाच दिवस खेळून शेवटी कोनीच नाई जिंकत, मंग खेळते काऊन?” ज्याला अनिर्णित या शब्दाचा अर्थ कळत नाही त्याला रेडिओ देणे म्हणजे रेडिओवर अन्याय आहे. पण मुलगा एकच आहे.

कलम ३. पंचगिरीचे माझे सामान असे: पांढरा कोट एक, क्रिकेटच्या नियमांचे पुस्तक एक, चेंडू मोजण्यासाठी वर्धा नदीच्या पात्रातून वेचलेले सहा गोटे, आणि कसोट्यांच्या वर्तमानपत्री कात्रणांच्या अकरा वह्या.

वह्या कुणाला पाहिजे असतील तर न्याव्यात. कुणालाही नको असणार हे मला ठाऊक आहे. त्यांत जे क्रिकेट आहे ते मेले. पांढऱ्या कपड्यांतले, संथ, दिवसभर एकही धाव न काढता तग धरणाऱ्याला टाळ्या मिळत असे क्रिकेट. नागपूरचा पेपर आमच्याकडे उशिरा येई, म्हणून कालची कसोटी आम्ही आज परत जगत असू. निर्धाव षटक संपले की रेडिओतून टाळ्यांचा जो आवाज येई, त्यातून मैदानातली माणसे शांत बसून नीट बघत आहेत हे कळे. आता खेळाडूंचा लिलाव होतो, बैलबाजारात दात बघून बैल घ्यावा तसा, आणि चौकार गेला की पोरी नाचवतात. साडेतीन तासांत खेळ आटोपून लोक घरी जातात. कशासाठी आले होते हेही त्यांच्या लक्षात राहत नसेल.

पांढरा कोट कुणालाही देऊ नये. फाडून मोटारसायकल पुसायला वापरावा. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. वणी रस्त्यावरील पंधराशे चौरस फुटांचा माझा प्लॉट, जो मी निवृत्तीच्या पैशातून घेतला आणि ज्यावर वडिलोपार्जित म्हणून कुणाचा हक्क नाही, तो मी शफी शेख, गादी कारखाना, घुग्घुस, यांच्या नावे करीत आहे. स्वप्निलला हे आवडणार नाही. त्याने पुढील मजकूर वाचावा.

शफी हा आमच्या गावच्या क्लबचा सलामीचा फलंदाज. ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यावा तर त्याने. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात नागपूरला पाकिस्तानविरुद्धची कसोटी होती, तेव्हा आम्ही दोघे ट्रकने गेलो. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर तो फलंदाज बघत होता आणि मी फक्त पंच. एवढी माणसे आरडाओरडा करत असताना एकट्या माणसाने बोट वर करायचे आणि सगळ्यांनी ते मानायचे, ही गोष्ट मला देवळातल्यासारखी वाटली. एक दिवस कसोटीत उभे राहायचेच, असे मी तिथे ठरवले. विश्रांतीच्या दिवशी मोमिनपुऱ्यात शफीच्या मावशीकडे जेवलो. जेवताना मी त्याला शहाणपणा शिकवला: पंच चुकला तरी मागे वळून बघायचे नाही, बॅट काखेत मारायची आणि चालू लागायचे. तो म्हणाला, “तुमी म्हनान तसं, नानाजीभाऊ.” कसोटी अनिर्णित राहिली. आम्ही खुशीत घरी आलो.

तीन महिन्यांनी, जानेवारी १९८४ मध्ये, जिल्ह्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना घुग्घुसला झाला. गावाचा क्लब विरुद्ध खाणीचा संघ. त्या काळी तटस्थ पंच कुठून आणणार, मीच उभा होतो. नागपूरहून एक निवड करणारे गृहस्थ केवळ शफीला बघायला आले होते. खाणीच्या संघाचे कप्तान आमचे साहेब. त्यांचे नाव लिहीत नाही, ते वारले आणि त्यांची मुले चांगली आहेत. राज्याच्या पंच परीक्षेला बसण्यासाठी मला शिफारसपत्र हवे होते. ते साहेबच देणार होते आणि तीन आठवड्यांपासून ‘देखेंगे’ म्हणत होते.

शफी चार धावांवर होता. गोलंदाजी साहेबांची. चेंडू आत आला. मला आधी ‘टक्’ ऐकू आले, मग ‘धप्’. म्हणजे चेंडू आधी बॅटला लागला, मग पॅडला. अशा वेळी फलंदाज पायचीत होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मशीनचे कोणते बेअरिंग गेले हे मी आवाजावरून सांगणारा फिटर. माझी चूक झाली असे मी म्हणू शकत नाही. साहेब वळले. त्यांनी अपीलही धड केले नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाले, “क्या, बावणे?”

मी बोट वर केले.

शफीने बॅट काखेत मारली आणि चालू लागला. मागे वळून पाहिले नाही. नागपूरचे गृहस्थ चहा पिऊन दुपारच्या गाडीने परत गेले. शफीकडे पुन्हा कुणी बघितले नाही. दोन वर्षांत तो बापाच्या गादी कारखान्यात कापूस पिंजायला बसला.

मला पत्र मिळाले. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारले, “चेंडू आधी बॅटला लागून मग पॅडला लागला, तर काय द्याल?” मी म्हणालो, “नाबाद.” पास झालो. पुढे एकोणीस वर्षे पंचगिरी केली. माझा कोट जिल्ह्याबाहेर तीनदा गेला, एकदा वर्ध्याला, दोनदा गोंदियाला. कसोटी दूरच राहिली.

आता टीव्हीवर खेळाडू हातांनी खूण करतात आणि पंचाचा निर्णय यंत्राकडून तपासून फिरवून घेतात. पंच बिचारा डोक्यावरची टोपी नीट करत माफी मागतो. मी त्या यंत्राला शिव्या देतो. घरचे समजतात, म्हातारा जुन्या वळणाचा. तसे नाही. ते यंत्र त्या दिवशी घुग्घुसला असते तर शफी खेळला असता आणि मी उघडा पडलो असतो. ज्या काळासाठी मी रडतो, त्या काळात पंचाचा शब्द शेवटचा होता. त्याचा फायदा मी घेतला. तरीही मला तोच काळ परत हवा आहे, याची लाज वाटते.

शफीने मला चाळीस वर्षांत एक शब्द विचारला नाही. रस्त्यात भेटला की सलाम करतो. आमच्या घरच्या गाद्या त्यानेच भरल्या, दर दोन-तीन वर्षांनी. गेल्या महिन्यात मी हे सारे कुंताला पहिल्यांदा सांगितले. ती म्हणाली, “चाळीस वर्सं त्याच्याच गादीवर झोपले, अन् आता सांगून राह्यले?” त्यानंतर दोन दिवस तिने मला वाढले, पण बोलली नाही.

कलम ५. माझ्या तेरवीला क्लबच्या लोकांनी येऊन ‘जुन्या काळचे सच्चे पंच’ वगैरे भाषण करू नये. केल्यास स्वप्निलने कलम चार सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. क्लबला मी काहीही ठेवलेले नाही. ज्या मैदानावर हे घडले तिथे कोळशाचे ट्रक उभे करू देणारे हेच लोक आहेत.

सहीपूर्वीची नोंद. आज सहीसाठी माझ्या घरी ॲड. रोशनी रामटेके, त्यांचे कारकून सुरेंद्र आणि शेजारी उमाजी असे जमले. शफीलाही मी बोलावले होते. मी मेल्यावर त्याला कळावे, हे मला भ्याडपणाचे वाटले. त्याने चष्मा लावून कलम चार दोनदा वाचले. मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही. मग तो वकीलबाईंकडे वळला.

“साक्षीदार किती लागते, बाई?”

“दोन. सुरेंद्र आणि उमाजीकाका.”

“उमाजीभाऊले घरी जाऊ द्या. मी करतो सही.”

वकीलबाई म्हणाल्या, “चाचा, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. उद्या कोर्टात वाद होतो. प्लॉट किंवा सही, एकच निवडा.”

“मंग सही.”

मी म्हणालो, “शफी, घे रे. पोराइच्या कामी येईल.”

“प्लॉट घेतला त लोक म्हनन, हिसाब झाला. मले हिसाब नाई करायचा, नानाजीभाऊ.”

मी पुन्हा दोनदा विनवले. त्याने पेन मागितला. त्यामुळे सदर प्लॉट आता नाइलाजाने स्वप्निलला जाईल. कलम चारमधला बाकीचा मजकूर खोडून टाका असे वकीलबाईंनी सुचवले. मी खोडलेला नाही. तो तसाच ठेवावा.

ठिकाण: घुग्घुस. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४.

लिहून देणार: नानाजी लटारू बावणे (सही)

साक्षीदार १: सुरेंद्र चैतू निमगडे, वय ३८, राहणार चंद्रपूर (सही)

साक्षीदार २: शफी वल्द रहमान शेख, वय ६४, गादी कारखाना, घुग्घुस (सही)

(साक्षीदार २ यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेले:) नानाजी बावणे यांनी माझ्यासमोर सही केली. कलम चार खरे आहे. बॅटला लागला होता. मला माहीत होते, साहेबांना माहीत होते, यांनाही माहीत होते हे आज कळले. एवढी वर्षे मी समजत होतो, नानाजीभाऊंना खरेच ऐकू आले नसेल.