मधल्या धारेचा नमुना

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (सध्या वाकवतं तेवढाच). तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझं म्हणशील तर मला लघवीचा संसर्ग झाला होता. (हे भावोजींसमोर मोठ्याने वाचू नकोस.)

संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत पूर्वी आम्ही दोघी असायचो. जोडीदारीण निवृत्त झाली, तिच्या जागी कुणी आलं नाही, आणि खिडकी सोडायची नाही असा नियम. मग मी डोकं चालवलं: दहा ते सहा पाणीच प्यायचं नाही. (शहाणपण उतू जातं ते असं.) पुढे जळजळ सुरू झाली, घटकेघटकेला जावंसं वाटे आणि गेलं की चार थेंब. उन्हाळी लागली असेल म्हणून आठ दिवस काढले. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. पांघरूण घालायला कुणी नव्हतं, मीच उठून घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतड्यातले जंतू मूत्रमार्गात शिरतात. बायकांचा तो मार्ग मुळात आखूड, त्यात पाळी गेलेली, साखर वाढलेली, पाणी कमी, लघवी तुंबवायची सवय. मुतखडा सोडला तर सगळी यादी माझ्याच घरी नांदत होती. तपासणीसाठी पहिली धार सोडून मधली बाटलीत धरायची (या वयात नेम धरणं काय असतं, विचारू नकोस) आणि लगेच पोचवायची. मी सकाळी धरली, पण खिडकी सुटेना, म्हणून बाटली दुपारपर्यंत माझ्या पिशवीतच. प्रयोगशाळेतली बाई म्हणाली, "मावशी, एवढ्या वेळात जंतूंना नातवंडं झाली असतील!" पुन्हा नमुना, पुन्हा धरपकड. मग त्यांनी दोन दिवस माझे जंतू वाढवून ते कोणत्या औषधाने मरतात ते पाहिलं. माझं काहीतरी कुणीतरी इतकं जपलं, मला भरूनच आलं.

गोळ्यांनी गुण आला. काळजी करू नकोस, धावत येऊ तर मुळीच नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : आता पाणी पिते. खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावते. नियम गेला खड्ड्यात.

आणखी ता. क. : संसर्ग जाऊन तीन आठवडे झाले. तरी मी दर सोमवारी जळजळ होते असं खोटंच सांगून नमुना देऊन येते, कारण प्रयोगशाळेतली ती बाई "कशा आहात?" विचारते आणि उत्तरासाठी थांबते. काल म्हणाली, "मावशी, लघवीत काही नाही. घरी कोण असतं?" मी म्हटलं, ताई असते. चार दिवस तरी ये गं, मला एकटीला करमत नाही.