मी आता कुणाच्या कुंडीत लक्ष घालत नाही

११ ऑक्टोबर १९५४, सोमवार

आजपासून विश्रांती. डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली आणि विचारलं, एवढं काय उचलता? मी म्हटलं, मंडळ. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

गेल्या वर्षी मंडळाच्या पुष्पप्रदर्शनाच्या सगळ्या शेवंत्या आमच्या अंगणात होत्या. माती मी, खत मी, पाणी मी. बाकीच्या फुलं आल्यावर ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. नंतर मी पंधरवडाभर अंथरुणात. कुंदा म्हणाली, तू कुणाला हात लावू देशील तेव्हा ना गं! कुंदा मंडळाची सेक्रेटरी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, म्हणून ऐकून घेते.

यंदा तिचीच योजना. प्रत्येकीने दोन कुंड्या घरी न्यायच्या, आपापल्या वाढवायच्या. अध्यक्षीणबाईंनी, म्हणजे मी, थेट डिसेंबरात उगवायचं. मी लगेच हो म्हटलं. विश्वास टाकल्याशिवाय माणसं तयार होत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

झकास वाटतंय. कुणाला काही विचारलं नाही. दुपारी नुसती चालायला गेले, डॉक्टरांनीच सांगितलंय. वाटेत कुंदाचं घर. ती शाळेत शिकवायला गेलेली. व्हरांड्यातल्या तिच्या कुंड्यांची माती वरून कोरडी दिसली. झारी शेजारीच होती.

कुंदाला एका शब्दाने बोलणार नाही. याला लुडबुड म्हणत नाहीत.

१८ ऑक्टोबर, सोमवार

चालणं वाढवलंय. कुंदा, मग सुहासिनी, मग पार आंबोली गावठाणात क्लॅरिसकडे, दोघी मंडळातल्याच. क्लॅरिस दिवसभर फोर्टात नोकरीला, तिचं अंगण उघडंच असतं. सुहासिनी दुपारी मागच्या बाजूला भांडी घासते आणि सासूबाई झोपलेल्या असतात. कुणालाही त्रास न देता तिन्ही घरं होतात.

सुहासिनीचं मला वाईट वाटतं. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई येताजाता म्हणतात, हिच्या हाताला कशालाच यश नाही. मंडळ सोडलं तर तिला घराबाहेर पाठवत नाहीत. तेही कुंदाने हट्टाने मिळवलेलं. कुंड्या घरी नेताना तिने पदराने पुसल्या होत्या. तिच्या कुंड्यांना मी थोडं जास्तच घालते.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी तोंडावर आणि चकलीची भाजणी अजून दळायची आहे. हे म्हणाले, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती ना? मी म्हटलं, घेतेच आहे. आमटी गार होती, ती त्यांनी तशीच खाल्ली. कंबर पुन्हा धरली आहे. हवेमुळे.

७ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची सभा. तिघींची एकच तक्रार, खालची पानं पिवळी पडताहेत. क्लॅरिस म्हणाली, माझी तर हळद लावल्यासारखी झालीत गो. कुंदाने विचारलं, पाणी जास्त होतंय का कुणाचं? सुहासिनी घाईने म्हणाली, नाही हो, मी तर एक दिवसाआड घालते.

एक दिवसाआड! मी ओठ घट्ट मिटून बसले. पूर्वीची मी असते तर तिथेच बोलले असते. केवढी सुधारले आहे.

उद्यापासून संध्याकाळी अंधार पडल्यावरही एक फेरी.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

वाट लागली. सुहासिनीची दोन्ही झाडं गेली. उपटून पाहिली तर मुळं काळी, लिबलिबीत, कुबट वासाची. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, मी आधीच सांगितलं होतं. सुहासिनी माझ्यापाशी येऊन रडली. माणिकताई, मी काय चुकले हो?

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, प्रत्येकीचा हात वेगळा असतो, मनाला लावून घेऊ नकोस. तिला धीर आला असावा. रिकाम्या कुंड्या उचलून आत गेली.

झोप लागत नाही. मंडळाची एवढी काळजी माझ्याशिवाय कुणाला आहे?

२२ नोव्हेंबर, सोमवार

क्लॅरिस तापाने घरी आहे, हे मला कुणी कळवलं नव्हतं. झारी ओतत होते तर खिडकीतून आवाज आला. काय गो माणिक, सकाळी मी घालते, दुपारी तू! शेवंती हाय गो ती, भात नाय लावला!

मी म्हटलं, अध्यक्ष म्हणून पाहणी करत होते. ती म्हणाली, झारी घेऊन?

२३ नोव्हेंबर, मंगळवार

कुंदा आली. बस म्हटलं तर बसली नाही. सगळं तिला कळलेलं. एवढंच विचारलं, सुहासिनीला तू सांगणार की मी सांगू? मी म्हटलं, तिचं प्रकरण वेगळं असेल, तिची माती जड होती. कुंदा म्हणाली, माती तूच कालवून दिली होतीस.

चहा न घेता गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

फेऱ्या बंद. दुपारी काय करायचं ते कळत नाही. सुहासिनीला प्रदर्शनात सावकाश सांगेन.

४ डिसेंबर, शनिवार

हे म्हणाले, गच्चीवर ये, काय फुललंय बघ. कंबरेमुळे दिवाळीआधीपासून वर गेले नव्हते. माझ्या वाट्याच्या दोन कुंड्या मी विसरूनच गेले होते. ताटाएवढी फुलं, पिवळीधमक. ह्यांना विचारलं, काय घातलंत? म्हणाले, काही नाही, रविवारी आठवलं तर तांब्याभर पाणी.

मी पायरीवरच बसून राहिले.

५ डिसेंबर, रविवार

प्रदर्शनात माझ्या फुलांना पहिलं बक्षीस. कुंदाने नाव पुकारलं, माझ्याकडे पाहिलं नाही. सुहासिनी आलीच नव्हती. क्लॅरिस म्हणाली, तिने मंडळ सोडलंय, सासूला सांगून टाकलंय की आता कुठे जाणार नाही.

मी हॉलमधून तशीच निघाले. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. सुहासिनी बाहेर आली, माझ्या हातातलं बक्षीस पाहून अभिनंदन म्हणाली. वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती, जड माती, ऑक्टोबरचं ऊन. सासूबाईंनी मान वर केली आणि मी म्हणून गेले, झाडं हिने नाही मारली. मी रोज चोरून पाणी घालत होते. दोनदा.

वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही? आणि हसली. पुन्हा तेच विचारलं, या वेळी सासूबाईंकडे वळून, मोठ्याने. सासूबाईंनी मान तांदळात घातली. सुहासिनीला एवढ्या आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

फाटकापर्यंत सोडायला आली. अगदी प्रेमाने हात धरून म्हणाली, पुढच्या वर्षी मी पुन्हा लावणार. फक्त तुम्ही येऊ नका हं, माणिकताई.

नाही येणार, म्हटलं.