पलीकडच्या काठावरची रेखा

प्रिय ताई,

आज दहावीचा निकाल लागला. रेखा पास झाली, पहिल्या वर्गात. गणितात तर शाळेत तिच्यावर कुणी नाही. ही गोष्ट घरी येऊन ज्या माणसाला सांगायची ते माणूसच घरात नाही, म्हणून लिहायला बसले. तू गेल्यापासून तुझ्याशी मनात बोलते, पण आजचं मनात मावेना.

गोवा राज्य झालं तेव्हाचे ते दिवस तुला आठवतात? देवळाच्या मंडपात मराठी की कोंकणी यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. सख्खे शेजारी बोलेनासे झाले होते. तू मधेच उभी राहून म्हणालीस, "पोरांक खंयच्याय भाशेत शिकू दे रे, पण आधी शाळेत तरी पावू दे!" सगळे हसले. त्या हशातूनच आपलं मंडळ उभं राहिलं. हायस्कूलला जाणाऱ्या गरीब मुलांची फी, पुस्तकं, कपडे मंडळाने बघायचे. नदीपलीकडच्या वाड्यावरची मुलं उपाशीच येतात हे तुझ्याच ध्यानात आलं, आणि पाव भाजणारा पोदेर सकाळी शाळेच्या दारात पाव देऊन जाऊ लागला.

नदीपलीकडे शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर होडीने अलीकडे यायचं. मंडळाने होडीवाल्याला वर्षाचं बांधून घेतलं, तेव्हा किती खूश होतीस तू!

आणि शशी. रेखाची थोरली बहीण. तिचा बाप डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. पोरीला पुढे शिकवायचं नाही, त्याने सांगून टाकलं होतं, "चेडवाक म्हापशाक घरकामाक धाडतंय." तू त्याच्या अंगणात जाऊन बसलीस ती उठेचनास. शेवटी तो म्हणाला, "रोज नदी उतरून येतली. काय झाला तर?"

"जबाबदारी माझी," तू म्हणालीस. मी होते ना तुझ्यासोबत.

श्रावणात नदीला लोंढा आला आणि होडी पलटली. बाकीची मुलं काठाला लागली. शशी नाही लागली. नववीत होती गं.

त्यानंतरची तू मला ओळखू येईनास. शिकवत होतीस त्या शाळेत रजा टाकलीस, मंडळ सोडलंस, आतल्या खोलीतून बाहेर यायचंही बंद केलंस. गाव बोलायचं ते बोललं. पण त्या बापाने तुला एका शब्दानेही विचारलं नाही, हेच तुला सोसलं नाही. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तू जरा जगली असतीस, असं मला वाटतं. खरं का गं?

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. शशीची आई आली होती तो दिवस. मी तिला पाणी दिलं, पेज घेतेस का विचारलं. तिने मान हलवली आणि तुझ्या बंद दाराकडे तोंड करून बोलली, "ताई, शशीक तुमी मारलात असा मी कदी म्हणूक नाय. पण शाळा सोडवून धाकटीक माझ्या घरात बसवलात तर मात्र म्हणतलंय."

तू आत होतीस. तुला सगळं ऐकू जात होतं. का नाही आलीस बाहेर? ती माऊली लेक गमावून तुझ्या दारात आली होती, ताई! नुसता तिचा हात धरायचा होतास. ती बराच वेळ थांबली आणि गेली.

काही दिवसांनी जेवता जेवता तू म्हणालीस, "पावसात तिला होडीत बसवू नका. इथेच राहू दे." एवढंच. रेखाचं नावही घेतलं नाहीस.

तशी ती आपल्याकडे आली. तू तिला गणित शिकवायचीस, पण मान वहीतून वर करायची नाहीस. एकदा तुझ्या तोंडून "शशी, हे परत कर" असं निघून गेलं. तू ताडकन उठून आत गेलीस. रेखाने ते गणित परत केलं, बरोबर आणलं, आणि वही तुझ्या दारापाशी ठेवली. तू ती उचललीस की नाही, मी पाहिलं नाही.

मग तुझं दुखणं. इस्पितळात रेखा भेटायला येते म्हणाली, तर तू हातानेच नको म्हणालीस. परीक्षेच्या आधी तू गेलीस.

आज निकाल बघून मी होडी टाळून बसने लांबचा वळसा घालून तिच्या घरी गेले. आईने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "थोरली आसती तर आता नोकरेक लागली आसती," एवढंच म्हणाली. बाप खाटेवर पाठ करून निजला होता. निजला होता की नाही, देव जाणे.

निघताना रेखा वाटेपर्यंत आली. तिने हळूच विचारलं, "मावशी, ताईंका माझो राग येतालो काय?"

बस आली, मी चढले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सबंध वाटभर तेच कानात.

ताई, मंडळाचं मी बघते आता. रेखाला म्हापशाला अकरावीत घालायला मीच नेणार आहे. त्या प्रवासात तिला सांगेन, की तुला तिचा राग कधीच आला नाही. तिच्या तोंडाकडे बघायची तुझी छाती होत नव्हती. तू हयातीत बोलली नाहीस ते मी बोलेन. तिचा विश्वास बसला नाही तर परत सांगेन, ती ऐकेपर्यंत सांगत राहीन.

तुझी धाकटी,
नीला