खांद्यावरच्या तीन नळ्यांबाबत

सावळीरामने आमच्या बॅगपाइपच्या खांद्यावरच्या नळ्या वाजूच नयेत म्हणून त्यांत चिंध्या कोंबल्या आणि सहा वर्षं झाली तरी काढल्या नाहीत, हे आधी लिहिते. बाकीचं मागाहून. सावळीराम माझा धाकटा दीर, लग्नाच्या बँडात वाजवतो. विचारलं तर म्हणतो, "वहिनी, वऱ्हाडाला काय कळतंय? खांद्यावर तीन नळ्या दिसल्या म्हणजे झालं." मी म्हटलं, "मग केरसुणी बांध."

मी कुसाबाई सहादू शेजवळ, वय ५२, शिक्षण दुसरी, राहणार द्वारकेजवळ, नाशिक. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, घालून बघावा. २० तारखेला पोटाचं ऑपरेशन आहे. त्यातून उठले नाही तर माझ्यामागे असं करावं.

राहती खोली मुलगा दीपक आणि मुलगी उज्वला, दोघांना निम्मी निम्मी. "ती चांदवडला सुखात आहे, तिला कशाला" असं दीपकने म्हणू नये. तीही माझ्याच पोटची. शिलाई मशीन उज्वलाचं.

आता बॅगपाइप. आमचे मालक पलटणीच्या बँडातून सुटले तेव्हा त्यांनी तो लग्नाच्या बँडात वाजवायला स्वतःसाठी घेतला. हातातल्या नळीवर गाणं वाजतं, खांद्यावरच्या तीन नळ्या मागे एकच सूर धरतात. त्या दर वेळी जुळवाव्या लागतात. दोन नळ्या बोटांनी बंद करायच्या, तिसरी सुराची थरथर थांबेपर्यंत वरखाली सरकवायची. मग दुसरी, शेवटी मोठी.

मालकांचा डावा कान १९९१ सालीच गेला होता. कळलं असतं तर काम गेलं असतं. म्हणून निघण्याआधी घरातच ते फुंकायचे आणि मी मागे स्टुलावर उभी राहून नळ्या सरकवायचे.

"झालं का गं?"

"नाही. फुंका. दम सोडू नका."

ते जाईपर्यंत सात वर्षं असं चाललं. लोक म्हणत, सहादूदादाचा सूर पक्का. सूर मी लावत होते. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. आता कागदावर राहू द्या.

बॅगपाइप मी सून मीना हिला देते. दीपक हसला. हसू दे. मालक होते तेव्हा, एकदा ते वाजवत असताना, लग्नाला पंधरा दिवस झालेली ही पोर भाकरी थापता थापता म्हणाली होती, "आत्याबाई, मधली उतरलीय." मी तपासलं. उतरली होती.

मीनाला फुंकता येत नाही, सावळीरामला ऐकू येऊन कळत नाही. तेव्हा त्याने चिंध्या स्वतःच्या हाताने काढाव्यात. दर लग्नाआधी मीनासमोर उभं राहून ती पुरे म्हणेपर्यंत फुंकावं. सूर कोणी लावला असं कोणी विचारलं तर तिचं नाव घ्यावं. कबूल नसेल तर बॅगपाइप तिच्या हातात आणून द्यावा.

ठिकाण: नाशिक. १२ जानेवारी २००४.
सही: कुसाबाई सहादू शेजवळ
साक्षीदार: झुंबरबाई निकम, शेजारीण (अंगठा)
साक्षीदार: गेणू पगारे, बँडातला ढोलवाला (सही)

सावळीराम, गेणू तुला हे वाचून दाखवेल. मी मेल्यावर तू रडत हो म्हणशील आणि तेराव्यानंतर विसरशील, म्हणून आत्ताच विचारते. रविवारी, १८ तारखेला, दिवेलागणीच्या आत दारात येऊन हो की नाही ते सांग. "बघू वहिनी" हे उत्तर धरलं जाणार नाही.