जिप्समचं छत

१४ जानेवारी
मनिलाहून बोट वेळेवर आली, समुद्र शांत, पोट शांत, मी खूश. विमा कंपनीने मला इथल्या हारो भागातली जुनी आणि डागडुजी केलेली अठ्ठावीस घरं दिली आहेत. वायरिंग नुसत्या नजरेने तपासायचं. काही उघडायचं नाही, खिळासुद्धा काढायचा नाही. बघायचं, लिहायचं, सही ठोकायची. अशा कामाला माझ्यासारखा माणूस लागतो हेच या गावाचं भाग्य.
खोली मानांग पर्पेतुआंच्या घरी, वरच्या मजल्यावर. साठीची बाई ('मानांग' म्हणजे इथल्या बोलीत ताई), सोबत धाकटा भाऊ इसिद्रो. माणूस कमी, सावली जास्त. घर जुनं, पण अकरा वर्षांपूर्वी नटवलेलं. पलंगाच्या वर जिप्समच्या तक्त्यांचं पांढरंशुभ्र खोटं छत, त्याच्यावर पोकळी. रात्री डुकराचं मांस आणि फणसाचा रस्सा. दोनदा वाढून घेतला.

१७ जानेवारी
सहा घरं झाली. काय अक्कल लोकांची! एका वकिलाने भिंतीला रंग देताना स्विचलाही दिला. आता बटण दाबायला अंगठ्याचा जोर लावावा लागतो, आणि वकील कौतुकाने म्हणतो, 'सर, मॅचिंग.' दुसरीकडे एका सॉकेटवर तांदळाचा कुकर, पंखा, फ्रिज आणि येशूच्या मूर्तीमागचे दिवे. सॉकेट तपकिरी पडलंय. मी म्हटलं, हे पेटेल. बाई म्हणाली, 'येशू आहे ना शेजारी.' अर्थिंगची तार तर बहुतेकांनी शोभेपुरतीच सोडली आहे.

१९ जानेवारी
कोपऱ्यावर लुर्देस नावाची बाई तांदळाचे वाफवलेले पुतो विकते. मी कुठल्याही घरातून बाहेर पडलो की ही आडवी. 'सर, छतात पाहिलंत? माझ्या नवऱ्याची पक्कड दिसली? लाल मुठीची?' नवरा एर्मोहेनेस, वायरमन. अकरा वर्षांपूर्वी कामाला गेला तो परतलाच नाही. सायकल मात्र गल्लीत उभी. गल्लीत विचारलं तर हसतात. 'दुबईला पळाला, सर. या बाईपासून कोण पळणार नाही?'
मीही हसलो. तिला सांगितलं, मानांग, मी छतात डोकावत नाही, माझ्या पगारात ते बसत नाही. तिने दोन पुतो पानात बांधून दिले. शिळे असतील म्हणून कुत्र्याला घातले.

२३ जानेवारी
आज मानांग पर्पेतुआंचं घर तपासलं, म्हणजे जेवून पलंगावर पडल्या पडल्या पाहिलं. बोर्डात एक स्विच चिकटपट्टीने दाबून बंद केलाय. त्याची तार वर छतात जाते, पुढे कुठे जाते कोण जाणे. विचारलं, तर इसिद्रोच्या हातातला चहा सांडला. बाई म्हणाल्या, जुनी तार आहे, राहू द्या, आज मासे तळलेत. मी 'सुरक्षित' लिहिलं. सहीसुद्धा छान आली.

२६ जानेवारी
दुपारी दोनच्या सुमारास सगळं गाव झोपतं. तेव्हा छतात खरवडल्याचा आवाज. उंदीर, म्हणाल्या मानांग. या गावचे उंदीरही आळशी. थोडं खरवडतात, थांबतात, दमल्यासारखे.

२८ जानेवारी
दुपारी वीज गेली, फक्त आमच्याच घरातली. तपासायला म्हणून मेन स्विच मी स्वतः खाली ओढला. वर आलो तर पलंगावरचा दिवा मिणमिणत होता. लाल, निखाऱ्यासारखा. टेस्टर लावला, टेस्टर पेटला. मेन बंद असताना! हसायचा प्रयत्न केला. शेजारून चोरून वीज घेतली असेल. असले लोक काहीही करतील.
मग छतात काहीतरी विव्हळलं. उंदीर विव्हळत नाही.

३० जानेवारी
छताला चीर पडली आहे, माझ्या तोंडाच्या बरोबर वर. काल नव्हती. चिरेतून कापडी पट्टीचं टोक लोंबतंय. जुने वायरमन सांध्यांना गुंडाळायचे तसली. मी ओढलं. वरून कोणीतरी परत ओढलं.
लुर्देसला विचारलं, नवरा शेवटचा कुठल्या घरी गेला होता. ती म्हणाली, 'अकरा वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले, सर.' मग माझ्या खिडकीकडे बोट केलं.

२ फेब्रुवारी
कान्देलारिया मातेची जत्रा. रस्त्यावर बँड. मानांग मिरवणुकीला गेल्या. आता किंवा कधीच नाही. मेन बंद केला. खुर्चीवर चढून सुरीने जिप्सम कापला. टॉर्च आणि तपासणीची ही वही घेऊन वर आलो. फोन पलंगावर राहिला. मूर्ख कोण, ते आता—

तो इथे आहे. आडवा, गुडघे पोटाशी. लाल मुठीची पक्कड हातात. हाताची हाडंच. छताच्या वरच्या बाजूला पक्कडीने खरवडलेलं आहे, सगळीकडे. एखादा मेलेला माणूस खरवडत नाही. म्हणजे खालून तक्ता ठोकला तेव्हा तो—

खाली इसिद्रो आहे. मिरवणुकीला गेलाच नव्हता. हळू बोलतोय. 'सर, मी मुद्दाम नाही केलं. पंखा लागेना म्हणून मेन लावला. एर्मोहेनेस वर तारेला चिकटला. मेलाच वाटलं. तुरुंगात गेलो असतो हो.' मी म्हटलं, इसिद्रो, शिडी लाव, कोणाला सांगत नाही. तो रडतोय. रडत रडत म्हणाला, 'तोपण असंच म्हणत होता.'

खुर्ची सरकवली. भोकावर नवा जिप्समचा तक्ता लावतोय. स्क्रूचा आवाज. मी लाथ मारली, ती तुळईवरच आपटली, वळायला जागा नाही. ओरडलो. बँड. बँडच वाजतोय.

उजेड गेला. टॉर्च मंद.

घरामागून घर करून सही ठोकत आलो. कुत्र्याला पुतो—

कोणीतरी वहीखाली हात धरला आहे. थंड. पान हलू नये म्हणून. घाबरवत नाही. लिही म्हणतोय. आधी तिला लिही.

लुर्देस, तुझा नवरा पळाला नव्हता. इसिद्रोच्या घरी, वरच्या खोलीत, पलंगाच्या वर, छतात—तो तुझं नाव—आम्ही दोघंही इथे—छत फोडा, ते उघ